बाराच्या आत

"मावशी, दहा मिनिटं फक्त," कंडक्टर म्हणाला.

दुपारचे तीन वाजले होते. ही दहा मिनिटं तो पहाटेपासून वाटत होता, आणि आम्ही पन्नास माणसं ती प्रसादासारखी हातावर घेत होतो. बस महामार्गाच्या कडेला उभी होती. मागचं झाकण उघडं, खाली पाण्याचं थारोळं. ड्रायव्हर त्या थारोळ्याकडे बघत सिगारेट ओढत होता. पाणी आपणहून वर चढेल अशी त्याची समजूत असावी.

बसच्या अंगावर लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'घरच्यासारखी सेवा'. ते काही खोटं नव्हतं. घरीही मला साधारण अशीच मिळते.

"मेकॅनिकचं काय झालं?" मी विचारलं.

"येतोय ना. पूजा उरकली की निघतोय."

"सकाळीही पूजाच उरकत होता."

"तो दुसरा मेकॅनिक, मावशी. तो सासुरवाडीला गेला."

वर्षाचा शेवटचा दिवस होता, तेतचा, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या सणाचा, आदला. या दिवशी दुपारी घरोघर पूर्वजांना जेवायला बोलावतात. जवळच्या गावातले सगळे मेकॅनिक आपापल्या मेलेल्या आजोबांसमोर उदबत्त्या लावून बसले होते. आजोबांना बसचं तिकीट काढावं लागत नाही, म्हणून ते दरवर्षी वेळेवर पोचतात. जिवंत माणसांची सोय मात्र ह्या कंडक्टरकडे.

आदल्या दिवशी दुपारी चारला आम्ही बिन्ह दुओंगहून निघालो होतो. सकाळी आठला मी मो डुकच्या फाट्यावर उतरायची, नऊला माहेरच्या घरी. तीस सीटांच्या बसमध्ये पन्नास माणसं, मधल्या वाटेत प्लास्टिकची स्टुलं, स्टुलांखाली कोंबडे, आणि मागे कुणाची तरी पिवळ्या फुलांची कुंडी, जिची पाकळी पडली की मालकीण सगळ्या बसला बोल लावायची. पहाटेच बसनं धूर सोडला. आता अजून दोनशे किलोमीटर बाकी होते.

"बाराच्या आत पोचू ना आपण?" मी विचारलं.

"बाराच्या आत? मावशी, संध्याकाळी तुम्ही घरी पाय पसरून बसलेल्या असाल."

माझ्या शेजारच्या सीटवर थुई नावाची एक जाडजूड बाई होती. शहरात तिचं केस कापायचं दुकान होतं. तिनं रात्रभर मला आल्याच्या वड्या खायला घातल्या, आणि प्रत्येक वडीबरोबर जावयाची एक तक्रार. ती म्हणाली, "तुम्हाला बाराचं एवढं काय हो? उशीर झाला तर झाला. घर कुठं पळून जातंय?"

मी ओढणीचं टोक बाजूला करून छातीवर टाचलेली काळी चिंधी दाखवली. बोटभर कापड. थुईचं तोंड चघळता चघळता थांबलं.

"अगंबाई," ती म्हणाली. "कोण?"

"नवरा. सातव्या महिन्यात."

मग तिला काही सांगावं लागलं नाही. नव्या वर्षात घरात पहिलं पाऊल ज्याचं पडतं, त्याचं नशीब वर्षभर त्या घराला चिकटतं, असं आमच्याकडे मानतात. म्हणून तो पहिला माणूस आधी ठरवून, पंचांग बघून, गळ घालून बोलावतात. खाऊनपिऊन सुखी, भरल्या घरातला, जन्मवर्ष जुळणारा. आणि ज्याच्या घरात वर्षात मयत झालं, त्यानं पहिले तीन दिवस कुणाच्या दारातसुद्धा उभं राहायचं नाही. पळवाट एकच. जुन्या वर्षातच घरात शिरून बसायचं. बाराच्या आधी आलेली बाई घरची लेक, बारानंतर आलेली अवदसा. बाई तीच.

थुईनं वड्यांची पिशवी मांडीवरून उचलली आणि आमच्या दोघींच्या मध्ये ठेवली. पुढे वडी काही मिळाली नाही.

चिंधी काढून ठेवली असती तर कुणाला कळलं नसतं. मनात आलं होतं. माझा नवरा बाओ काही ऊर बडवून रडावं असा माणूस नव्हता. बर्फाच्या कारखान्यात लाद्या ओढायचा आणि संध्याकाळी त्याच लाद्यांचे तुकडे टाकून बिअर ढोसायचा. बावीस वर्षांत त्यानं मला दोन गोष्टी दिल्या, एक पंखा आणि सर्दी. पण त्याला दुसरं कुणी नव्हतं. सगळ्या दुनियेत त्याच्या नावाची चिंधी लावणारी मी एकटी. ती मी काढली की तो जगलाच नाही असं झालं असतं, आणि एवढा हलकटपणा मला जमला नाही.

चारच्या सुमारास भावजयीचा फोन आला. ल्यू गोड बोलते. ती गोड बोलायला लागली की मी सावरून बसते.

"वन्सं, कुठवर आलात?"

"बस बंद पडलीय."

"अगंबाई. मग कसं हो करायचं? माझ्या मनात काही नाही हं. मला तुम्ही सख्ख्या बहिणीसारख्या. पण ह्यांनी फू काकांना किती विनवण्या करून तयार केलंय, पहिलं पाऊल टाकायला. गेलं वर्ष कसं गेलं तुम्हाला माहितीय. डुकरं मेली, ह्यांचा हात मोडला. बाराच्या आत या म्हणजे झालं. नाहीतर मग… तुम्हीच शहाण्या आहात."

"आई कुठाय?"

"झोपल्यात. सारखं विचारतात, लुआ आली का, लुआ आली का. ऐंशी वर्षांचं माणूस, त्यांना काय बस कळते?"

आईनं तीन आठवड्यांपूर्वी स्वतः फोन मागून घेतला होता. एरवी ती फोन कानाला उलटा लावते आणि मध्येच ठेवून देते. त्या दिवशी सरळ बोलली. "या वर्षी ये. पुढच्या वर्षाचं मी काही कबूल करत नाही." एवढंच. आई रडून बोलावत नाही. तिनं असं सांगितलं म्हणजे जायलाच हवं होतं.

माझ्या पिशवीत तिच्यासाठी बूट होते. एकोणीस वर्षं मी बुटांच्या कारखान्यात तळव्यांना गोंद लावते. ब्रशनं एक हात कडेनं, एक हात मधून, पुढच्या बाईकडे. कुठल्या कुठल्या देशांतले लोक माझ्या गोंदावर उभे आहेत, धावताहेत, आणि आईनं मात्र जन्मभर रबरी सपाता ओढल्या. शेतात ओल्या, घरात कोरड्या. यंदा आमच्या लाइनच्या मुकादमाकडून मी नाकारलेल्या मालातला एक जोड मागून घेतला. पस्तीस नंबर, निळं कापड, मऊ तळवा. जोड म्हणजे तरी काय, डावा एका खेपेतला आणि उजवा दुसऱ्या. डावा किंचित फिकट आहे. तळवे मी सुट्टीच्या दिवशी स्वतः पुन्हा चिकटवले, दोनदा गोंद लावून. हे बूट फाटतील, पण तळवा सुटणार नाही.

मेकॅनिक संध्याकाळी सातला आला. अंगावर नवा शर्ट, तोंडाला दारूचा वास. आल्याबरोबर त्यानं सगळ्यांना नव्या वर्षाच्या शुभेच्छा दिल्या आणि सांगितलं की लागणारा पाइप त्याच्याकडे नाही. पाइप आणायला माणूस गेला. तो आला दहाला. मी घड्याळाकडे बघणं सोडून दिलं होतं, पण आजूबाजूची माणसं मोठ्यानं वेळ सांगत होती. बस सुरू झाली तेव्हा कुठल्याशा गावावर शोभेचं दारूकाम उडत होतं आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून घेत होता. झालं. नवं वर्ष लागलं होतं.

खाली उतरलेली माणसं चढू लागली तसा कंडक्टर माझ्याजवळ आला, थुईकडून कळलं असावं. अगदी हळू, अदबीनं म्हणाला, "मावशी, राग नका मानू. तुम्ही जरा सगळ्यात शेवटी चढा. गाडी धंद्याची आहे, मालक मानतात हे सगळं."

ज्या गाडीला पाण्याचा पाइप धड नव्हता, तिला माझ्या पावलाची भीती. मी शेवटी चढले. थुई खिडकीकडे तोंड करून झोपली होती, किंवा तसं दाखवत होती. पिशवीच्या पलीकडे तिनं छत्रीही ठेवली होती.

फाट्यावर मी सकाळी सहाला उतरले. तिथून आमचं घर चार किलोमीटर आत. पहिल्या दिवशी सकाळी कुणी बाहेर पडत नाही, पडलं तरी मला कोण मोटरसायकलवर घेणार? मी चालत निघाले. भातशेतं हिरवीगार होती, रस्ता झाडलेला होता, दारादारांत झेंडूच्या कुंड्या होत्या. बघायला छान असतं आमचं गाव, विशेषतः दारं बंद असतात तेव्हा.

वाटेत मी सगळं मनात घोळवत गेले. भावाला, तोआनला, काय सुनवायचं, ल्यूला काय. लहानपणी तोआनला मी पाठुंगळी घेऊन पुरातून शाळेत नेलाय, तेव्हा माझं पाऊल चाललं. त्याच्या लग्नात मी चाळीस माणसांचं रांधलं, तेव्हा चाललं. सरळ फाटक ढकलून आत जायचं असं मी ठरवलं. डुकरं मरतात ती रोगानं. हात मोडतो तो दारू पिऊन गाडी चालवल्यानं. हे सगळं मला ठाऊक होतं. मी काही अडाणी नाही.

फाटकाला कुलूप नव्हतं, नुसती कडी लावली होती. मी कडीला हात लावला. आणि तिथेच उभी राहिले.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. कुणी अडवायच्या आधीच मी थांबले. मनात आलं, मी आत गेले आणि ह्या वर्षात आईला काही झालं तर? ऐंशीव्या वर्षी काहीही होतं. होईलच कदाचित. पण मग ते माझ्या पावलानं झालं, असं ल्यू म्हणेल, गाव म्हणेल, ते मरो, पण मी स्वतः म्हणेन. चार किलोमीटर मी ज्यांना मूर्ख म्हणत आले, त्यांच्यातलीच एक बाई कडीवर हात ठेवून उभी होती. मला स्वतःची किळस आली. हात मात्र पुढे सरकला नाही.

तोआननं मला बघितलं. तो लगबगीनं अंगणातून आला आणि फाटकाच्या आतल्या बाजूला उभा राहिला. मागोमाग ल्यू, नव्या लाल कपड्यांत.

"ताई," तो म्हणाला आणि हसला. "नव्या वर्षाच्या शुभेच्छा."

"तुम्हालाही," मी हसून म्हटलं.

पहिल्या दिवशी रागवायचं नाही, रडायचं नाही, वाईट शब्द काढायचा नाही, नाहीतर वर्षभर तेच चालतं. त्यामुळे आम्ही तिघंही फाटकाच्या दोन बाजूंना दात काढून उभे होतो.

"वन्सं, किती दमलात हो," ल्यू हसत म्हणाली. "चेहरा कसा उतरलाय."

"ताई, असं कर," तोआन म्हणाला, "फू काका आठला येतायत. ते येऊन गेले की… नाही, म्हणजे तरीही तुझं… तीन दिवस जरा पॅगोड्यात राहतेस का? तिथं भिक्षुणी कुणालाही घेतात. चौथ्या दिवशी मी स्वतः न्यायला येतो."

"चौथ्या दिवशी माझी परतीची बस आहे."

तो हसतच राहिला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. माझा भाऊ वाईट नाही, त्याला कणा तेवढा द्यायचा राहिला.

"आईला बाहेर ओट्यावर आण," मी म्हटलं. "इथूनच बघते आणि जाते."

"आई आत्ता आंघोळ करतायत," ल्यू म्हणाली. "बसा ना तुम्ही जरा."

बसा म्हणजे कुठं, तर तिनं आतून एक लाल प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि तोआननं ते फाटकावरून बाहेर दिलं. वर एक पेला चहा. मी गल्लीत, स्वतःच्या माहेरच्या फाटकासमोर, स्टुलावर बसले. गावातली माणसं नवे कपडे घालून जाऊ लागली. मला दुरून ओळखलं की ती गल्लीच्या पलीकडच्या कडेनं चालायची आणि तिथूनच मान लववायची. एका म्हातारीनं तर मला बघून डोळे मिटून घेतले आणि तशीच तीन पावलं चालली. नालीत पडली असती तर तेही माझ्याच खाती.

आठ वाजून गेले. साडेआठला फू काका आले. पत्र्याच्या शीटांचा व्यापारी. वय एकसष्ट, दोन नातू, पोट मोठं, नवी स्कूटर, आणि नावाचा अर्थसुद्धा श्रीमंती. असल्या माणसाला गावात पहिल्या दिवशी लग्नातल्या नवऱ्यापेक्षा जास्त मान असतो, आणि त्याची चालही तशीच होते. गल्लीच्या तोंडाशी त्यांनी स्कूटर हळू केली. फाटकात तोआन हात जोडून उभा होता. फाटकासमोर मी, काळी चिंधी लावून, लाल स्टुलावर.

फू काका थांबले. हसले. स्वतःच्या कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे, तोआन, घरी गॅस चालूच राहिला बहुतेक." आणि स्कूटर वळवून निघून गेले.

स्कूटर दिसेनाशी होईपर्यंत तोआन हात जोडूनच होता. मग ल्यू अत्यंत मंजुळ आवाजात नवऱ्याला म्हणाली, "मी म्हणत होते, स्टूल देऊ नका."

"तूच आणलंस," तोआन तितक्याच गोडीत म्हणाला.

मला हसू आलं. त्या सकाळचं तेवढंच खरं हसू. तोआन आत जाऊन फोन लावू लागला. पहिला माणूस पळाला, दुसरा शोधायला हवा होता, आणि दुसरा भरल्या घरातला माणूस सकाळी नऊला, आपलं स्वतःचं घर सोडून, कुठून येणार? फाटक ना उघडं ना बंद, असं ते घर अडकून पडलं.

तेवढ्यात आई आली.

कुणाचं लक्ष नव्हतं. ती काठी टेकत ओट्यावरून उतरली आणि अंगणातून सरळ फाटकाशी आली. सुकून वीतभर कमी झाली होती. गेल्या वर्षी तिचं डोकं फाटकाच्या वरच्या दांड्याला लागायचं, आता दांड्याखाली होतं.

"लुआ?"

"हो, आई."

"बाहेर का बसलीस?"

"पाय दुखतायत. बसले जरा."

"आत ये."

मी स्टुलावरच राहिले. आईनं माझ्याकडे बघितलं, चिंधीकडे बघितलं. तिला बस कळत नसेल, हे कळलं.

"बरं," ती म्हणाली. "मग मी येते बाहेर."

तिनं कडीला हात घातला. तिच्या बोटांत जोर नव्हता, तरी कडी वर उचलली गेली. ती बाहेर आली असती तर परत आत जाताना पहिलं पाऊल तिचं पडलं असतं. ऐंशी वर्षांची विधवा. पुढे घरात कप फुटला तरी ल्यूनं तो वर्षभर तिच्या पदरात घातला असता, गोड बोलत. मी तर चार दिवसांची. आईला तिथंच राहायचं होतं.

मी उठले आणि फाटक धरलं. दोन्ही हातांनी, बाहेरून, गच्च. अडीचशे कोसांवरून जिला बघायला आले, तिच्यावर मी फाटक लावून धरलं होतं.

"सोड," आई म्हणाली.

"नको, आई."

"तू बारीक असताना एवढा हट्ट नव्हता तुझा."

"होता. तू विसरलीस."

ती थोडा वेळ ओढत राहिली. मग तिनं हात काढला आणि दांड्यांमधून माझ्या बोटांवर ठेवला. गोंदानं माझ्या बोटांची सालं निघतात, त्यावरून तिनं अंगठा फिरवला. "खाल्लंस काही?" तिनं विचारलं. मी खाल्लं म्हणाले. आल्याच्या वड्या खाल्ल्याच होत्या.

मग मला बूट आठवले. फाटकाच्या खाली चांगली हातभर फट आहे, कोंबड्या जातात येतात तिथून. मी रस्त्यावर गुडघे टेकले.

"आई, पाय पुढं कर."

"काय गं?"

"कर ना."

तिनं फाटकाचा दांडा धरून एक पाय सपातेतून काढला आणि फटीखाली पुढे केला. पाय सुकला होता, टाचेला भेगा होत्या. मी ओढणीनं पुसला आणि बूट चढवला. नाडी बांधली. मग दुसरा.

"घट्ट होतो का?"

तिनं पाय मागे घेतले आणि जागच्या जागी दोनदा वर खाली केले. "हलका आहे," ती म्हणाली. "तू केलास?"

"तळवा मी लावलाय."

"एक फिकट आहे."

"हो. तेवढं चालवून घे."

आतून ल्यूची हाक आली, आई, ऊन लागेल, आत या. आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवायला दांड्यांमधून हात घातला, पण तो कपाळापर्यंतच पोचला. "जा पॅगोड्यात," ती म्हणाली. "तिथं भात गरम देतात." मग ती वळली. सपाता फाटकाशीच राहिल्या.

मी पिशवी खांद्याला लावली, पण निघाले नाही. आई अंगणातून चालत गेली, पूर्वीपेक्षा सरळ. ओट्यावर चढली. दारात ल्यू उभी होती. "आई, बूट काढा," ती म्हणाली, "घरात नका घालून येऊ." आईला नीट ऐकू येतं, तेव्हाही येत होतं. तिनं ल्यूला हातानं जरा बाजूला केलं.

उंबऱ्यावरून आधी डावा बूट आत गेला, फिकट, माझ्या गोंदाचा. मग उजवा.